'असूनही' काऊन म्हणता?



कीर्तनाला उभे राहणे सोडून मला आता पाच वर्षे होतील. गुडघे दगा देतात आणि गळा दुसऱ्या चरणालाच बसतो. संपादक महाराजांनी 'संत आणि समता' या विषयावर काही लिहून द्या म्हणून निरोप धाडला, तेव्हा मला बरे वाटले. या विषयावर मी चाळीस वर्षे बोललो आहे. वही उघडायची आणि उतरवून काढायचे, एवढेच काम. वही उघडली आणि तिथेच अडकलो. का अडकलो ते सांगायचे तर एका जुन्या रात्रीपासून सांगावे लागेल.

मंगरूळपीर तालुक्यातल्या एका गावी सप्ताह होता. सहाव्या रात्रीची सेवा माझ्याकडे. अभंग घेतला होता तुकोबारायांचा. ज्या कुळात आणि ज्या देशात हरीचे दास जन्मतात ते कुळ आणि तो देश पवित्र, असे सांगून वर्णाच्या अभिमानाने कोण पावन झाला ते मला दाखवा, असा रोकडा सवाल जिथे ते करतात, तो. मंडप भरलेला, टाळकरी तयारीचे, मृदंगाचार्य तर आळंदीला माझ्या मागे शिकलेले. निरूपण रंगले. मी म्हणालो, "चोखोबा महार असूनही देवाने त्यांना जवळ केले. गोरोबा कुंभार असूनही काकांच्या मानाला चढले. सेना महाराज न्हावी असूनही, कबीर विणकर असूनही, आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद तर मुसलमान असूनही विठ्ठलाचे भक्त झाले!" टाळ्या पडल्या. 'असूनही' म्हणताना मी आवाज जरा खाली आणायचा आणि पुढच्या शब्दाला वर उचलायचा. ते वळण लोकांना आवडे, आणि खरे सांगतो, मलाही आवडे.

कीर्तन उरकले, आरती झाली, मंडळी पांगली. लाऊडस्पीकरवाले चाचा तारा गुंडाळत होते. त्या पंचक्रोशीतल्या झाडून साऱ्या सप्ताहांना भोंगा त्यांचाच असे. त्यामुळे आमच्यासारख्यांची कीर्तने त्यांनी ऐकली असतील तेवढी माझ्या टाळकऱ्यांनीही ऐकली नसतील. मी पान खात बसलो होतो. ते तार गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "महाराज, कीर्तन झ्याक झालं. पन एक पुसू काय?"

"पुसा की चाचा."

"तुमी ज्ञानोबा माउलीले 'बामन असूनही संत झाले' असं काऊन नाही म्हनत?"

मी हसलो. म्हणालो, "अहो चाचा, ते ब्राह्मणच, तिथे 'असूनही' कशाला लागते?" वाक्य तोंडातून गेले आणि माझे मलाच ऐकू आले. चाचा काही बोलले नाहीत. तारेचा वेटोळा खांद्यावर टाकून गाडीकडे गेले. ते आता नाहीत. त्या रात्री मी त्यांना उत्तर दिले नाही आणि पुढच्या गावी तोच अभंग, तेच वळण, तीच टाळी. परवा वही उघडली तर पानापानावर तो शब्द. लाल शाईने अधोरेखित केलेला, म्हणजे इथे आवाज उचलायचा.

म्हणून आज संतांनी समता आणली की नाही हा मोठा प्रश्न थोडा बाजूला ठेवतो. संतांनी काय म्हटले आणि आम्ही कीर्तनकारांनी ते कसे सांगितले, यात जे अंतर पडले तेवढेच तपासतो. ते अंतर या एका शब्दाएवढे आहे.

प्रथम तुकोबारायांचाच अभंग पुन्हा पाहा. गाथा काढून शब्द न् शब्द तपासला. वैश्य तुळाधार, गोरोबा कुंभार, रोहिदास चांभार, कबीर मोमीन, लतीब मुसलमान, सेना न्हावी, दादू पिंजारी, चोखामेळा आणि बंका महार, नामयाची जनी. नावाशेजारी जात ठेवली आहे, जशी आपण गावात सदा सुतार, किसन माळी म्हणतो तशी. 'परी' नाही, 'तरी' नाही, 'असोनि' नाही. तुकोबांचा सवाल कोणाला आहे ते लक्षात घ्या. वर्णाचा ज्याला अभिमान आहे त्याला आहे. त्या अभिमानाने कोण तरला ते त्याने दाखवावे. चोखोबांनी काही दाखवायचे नाही. पुराणे त्यांची भाट झाली, असे महाराज म्हणतात. पुराणांनी त्यांच्यावर उपकार केले असे म्हणत नाहीत. आम्ही 'असूनही' घातले आणि सारा खटला उलटा फिरवला. पुरावा द्यायची पाळी चोखोबांवर आली, आणि आम्ही त्यांच्या बाजूचे वकील झालो. वकिलाला टाळ्या मिळतात.

इथे कोणी जाणता माळकरी मला अडवील. म्हणेल, बुवा, पण खुद्द संतांनीच असे म्हटले आहे. चोखोबांनी उसाचा दृष्टांत दिला. ऊस वाकडा असेल, रस वाकडा नसतो. शेख महंमदांनी केतकीचे काटे आणि आतला केवडा, फणसाची काटेरी पाठ आणि आतली गोडी, नारळाची टणक करवंटी आणि आतले पाणी असे एकामागून एक दृष्टांत देऊन शेवटी स्वतःला अविंध म्हटले आणि हृदयात गोविंद आहे असे सांगितले. हे 'असूनही' नव्हे तर काय?

आक्षेप खरा आहे. मी स्वतः याच दोन अभंगांच्या आधारावर इतकी वर्षे बोललो. पण दोन्ही अभंग शेजारी शेजारी ठेवून सावकाश वाचले की एक गोष्ट दिसते, जी उभ्याने चाल लावून म्हणताना सुटून जाते. चोखोबांच्या अभंगातला मुख्य शब्द ऊसही नाही आणि रसही नाही. मुख्य आहे तो प्रश्न, वरवरच्या रंगाला भुललास कशाला हा. तो प्रश्न बघणाऱ्याला आहे. डोळ्यात दोष आहे, उसात नाही. कोणत्याही ऊसवाल्याला विचारा, वाकडा ऊस चरकात घालताना तो नाक मुरडत नाही. नाक मुरडतो तो बांधावरून बघणारा.

फणसाचेही तसेच. आमच्या वऱ्हाडात फणसाची झाडे कमीच. मी पहिला फणस पाहिला तो आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत शिकत असताना, कोकणातल्या एका विद्यार्थ्याच्या घरून आलेला. त्याने विळीला तेल लावून तो फोडला आणि आम्हाला सांगितले, या काटेरी सालीनेच आतला गरा राखला जातो. काटा फणसाचाच आणि गराही फणसाचाच. आम्ही कीर्तनात काय सांगितले? काटा म्हणजे त्यांचे मुसलमानपण आणि गरा म्हणजे आपला गोविंद. म्हणजे जे गोड ते आपले आणि जे टोचते ते त्यांचे. असा वाटा शेख महंमदांनी घातला होता काय? अभंगात दोन्ही अर्थ बसू शकतात, हे मी लपवत नाही. नम्रतेने, थोडे मन मोडून ते बोलले असतील असाही अर्थ लागतो. पण काटा टाकून द्यायचा असता तर त्यांनी प्रत्येक अभंगाच्या शेवटी 'शेख महंमद' हे नाव घातले नसते. नाममुद्रा ही काही वरची साल नव्हे. तीच त्यांची सही.

हे शेख महंमद आमच्या वारकऱ्यांत फार कमी जणांनी वाचले आहेत. नाव सर्वांना माहीत. देहूला तुकोबांच्या कीर्तनाच्या मंडपाला आग लागली, यांनी श्रीगोंद्यात बसून हात चोळून ती विझवली आणि हात काळे झाले, ही कथा सर्वांना ठाऊक. कथा गोड आहे, मी शेकडो वेळा सांगितली. पण ग्रंथ? मी स्वतः साठी उलटल्यावर तो हातात धरला. वा. सी. बेंद्रे यांनी साठहून अधिक वर्षांपूर्वी 'योगसंग्राम' आणि त्यांचा कवितासंग्रह संपादून छापला, रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. पुस्तके होती. आम्ही उघडली नाहीत.

'योगसंग्राम' हा १७ व्या शतकाच्या मध्याचा, म्हणजे तुकोबारायांच्याच काळातला ग्रंथ. १८ प्रसंग, सगळे ओवीबद्ध. जीव हा लढवय्या आणि देहातले विकार हे शत्रू, असा संग्राम त्यात मांडला आहे. आता परीक्षणच करायचे तर गोडगोड बोलून चालणार नाही. ग्रंथ वाचायला अवघड आहे. ज्ञानोबा माउलींची ओवी पैठणीसारखी, बोट फिरवावे तिथे मऊ. यांची ओवी घोंगडीसारखी आहे, खरखरीत, मध्येच गाठ लागते. एक विषय चालू असताना दुसरा घुसतो. योगाची परिभाषा, फारसी-अरबी शब्द आणि गावरान बोली एकाच ओळीत नांदतात. कीर्तनात प्रमाण म्हणून उचलावी अशी गाती ओवी सहज हाती लागत नाही. आम्ही हा ग्रंथ टाळला त्याला हेही एक कारण, आणि ते कारण खोटे नाही. पण घोंगडीला ऊब असते. ढोंगी गुरू, पोट भरणारे साधू, बळी मागणारी दैवते यांच्यावर ते असे कोरडे ओढतात की वाचताना आपल्याच पाठीवर वळ उठावा. दया मागणाऱ्या माणसाचा हा आवाज नाही. घरच्या माणसाचा आवाज आहे, जो घरातल्यांना रागावू शकतो. परक्याला आपल्या घरात रागवायचा अधिकार नसतो. त्याने फक्त गोड बोलायचे असते. शेख महंमदांनी तो अधिकार न मागता घेतला, आणि समतेची याहून चांगली खूण मला तरी माहीत नाही.

याच ग्रंथात त्यांनी आपल्या गुरुघराची हकीकत दिली आहे. गुरू चांद बोधले. हे कादरी परंपरेतले सूफी. त्यांनी जानोपंतांना अंगीकारले आणि जानोबांनी एकाला उपदेश दिला, असा तो क्रम आहे. जानोबा म्हणजे देवगिरीचे जनार्दनस्वामी आणि एका म्हणजे आपले पैठणचे नाथबाबा, असे ढेरे यांच्यासारखे जाणकार सांगतात. म्हणजे नाथ महाराज आणि शेख महंमद एकाच घरातले ठरतात. आता आम्ही कीर्तनात काय सांगतो? जनार्दनस्वामींना दत्तप्रभू मलंगाच्या वेषात भेटले. ही कथाही मी भक्तिभावाने सांगितली आहे आणि दत्तप्रभू कोणत्या वेषात येतील हे ठरवणारा मी कोण? पण कथा सांगता सांगता मलंगाचे नाव मात्र पुसले गेले, हे आज मला खुपते. वेष मलंगाचा ठेवला, आतला माणूस काढून घेतला. फणसाच्या बाबतीत जे केले तेच इथेही केले.

नाथबाबांनी स्वतः असे केलेले दिसत नाही. त्यांचा हिंदू आणि तुर्क यांचा संवाद काढून पाहावा. दोघे एकमेकांची इतकी उणीदुणी काढतात की आजच्या दिवसात गावच्या चौकात म्हणायला धीर होणार नाही. हिंदूची लाज राखली नाही, तुर्काचीही राखली नाही. आणि भांडण पुरते झाल्यावर दोघांनी एकमेकांना आलिंगन दिले आहे. आधी भांडण आणि मग आलिंगन, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आम्ही भांडण गाळतो आणि आलिंगन तेवढे मंडपात आणतो.

कोणी म्हणेल, बुवा आपल्याच घरची झाडझूड करतात, शेजारी सगळे स्वच्छ आहे काय? शेजारीही तेच आहे. चोखोबांच्याच काळात दिल्लीला निजामुद्दीन औलिया होते. ते १३२५ साली गेले. त्यांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब दक्षिणेत आले आणि १३३७ साली खुलताबादेस विसावले. निजामुद्दीनांच्या लंगरात कोण आला आणि कोणत्या जातीचा, असे विचारले जात नसे. आणि त्याच निजामुद्दीनांचा एक भक्त, जियाउद्दीन बरनी नावाचा मोठा इतिहासकार. त्याने राजाला उपदेश करणारा ग्रंथ लिहिला, त्यात हलक्या कुळातल्यांना नमाज-रोज्यापलीकडे विद्या शिकवू नये असे बजावले आहे. गुरूच्या घरी सर्वांबरोबर जेवला आणि घरी येऊन हे लिहिले. हे वाचले तेव्हा मला त्याचा राग आला नाही, आपलेपणाच वाटला. आमच्यातही हे भरपूर आहे. संत एका पंगतीला बसवून जातो, आणि शिष्य हात धुऊन पुन्हा आपापल्या पाटावर जातात.

बुऱ्हानुद्दीन गेले त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १३३८ साली, मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असताना कुसू कोसळले आणि चोखोबा त्याखाली गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वाराबाहेर समाधी दिली. नामदेवांचे नरसी आमच्या वाशीमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात, आणि चोखोबांचे जन्मगाव परंपरेने बुलढाणा जिल्ह्यातले मेहुणाराजा मानतात. दोघेही आमच्याच मुलखातले, म्हणून आम्ही या कथेवर जास्तच हक्क सांगतो. शेगावहून महाराजांची पालखी आमच्या मेडशी, शिरपूर, रिसोडवरून नरसीकडे जाते तेव्हा वाटेत कोणी ना कोणी ती कथा काढतोच. अस्थींतून विठ्ठल विठ्ठल असा आवाज आला इथे मंडपातल्या बायाबापड्यांचे डोळे भरतात. माझेही भरत. पण समाधी बाहेर का, हा प्रश्न मी कीर्तनात कधी थांबून विचारला नाही. चोखोबांच्या भाऊबंदांना त्या समाधीच्या पुढे एक पाऊल टाकायला १९४७ साल उजाडावे लागले. साने गुरुजी तनपुरे महाराजांच्या मठात १ मे रोजी उपोषणाला बसले, १० मे रोजी ते सुटले, तेव्हा विठ्ठलाचे दार सर्वांना उघडले. १३३८ ते १९४७. वजाबाकी केली तर ६०९ वर्षे होतात. या ६०९ वर्षांत चोखोबांचे अभंग किती कीर्तनांत म्हटले गेले असतील? गाणारे आत जाऊ शकत होते. ज्यांचे ते अभंग, त्यांची माणसे जाऊ शकत नव्हती.

दिंडीतले तर मी सांगायला नको. इरावतीबाई कर्वे आळंदीच्या पालखीबरोबर चालल्या आणि 'वाटचाल' नावाचा लेख लिहिला. एकाच दिंडीत ब्राह्मणांचा आणि मराठ्यांचा स्वयंपाक वेगळा, हे पाहून त्यांना काय वाटले ते त्यात आहे. माझ्या तरुणपणी ज्येष्ठ मंडळी तो लेख म्हणजे शहरातल्या शिकलेल्या बाईची टीका म्हणून बाजूला सारत. मीही सारला. दुपारच्या मुक्कामी चुली मोजल्या असत्या तर बाई खरे बोलतात हे कळायला वेळ लागला नसता.

याहून कठीण बोल डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. जातिभेदावरच्या त्यांच्या निबंधाला गांधीजींनी संतांचा दाखला देऊन उत्तर दिले, तेव्हा त्यांनी लिहिले की संतांनी माणूस आणि माणूस समान आहेत असा झगडा केला नाही. देवापुढे सारे सारखे एवढेच ते म्हणाले, आणि तसे म्हणायला कोणाला फार जड जात नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा ग्रंथ मिटून ठेवला होता. पण याच बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यतेच्या मुळाचा शोध घेणारा ग्रंथ लिहिला, तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. मला आता असे वाटते की त्यांची तक्रार चोखोबांपेक्षा आमच्यावर, सांगणाऱ्यांवर, जास्त लागू पडते. 'देवापुढे सारे सारखे' हे वाक्य सोपे आहे खरे. पण ते सोपे आम्ही केले. चोखोबांना ते सोपे नव्हते. दाराबाहेर उभे राहून म्हटलेले वाक्य आणि दाराच्या आत मखमली लोडाला टेकून म्हटलेले वाक्य, शब्द तेच असले तरी एक नव्हे.

आमच्या गावचे सांगतो. मी लहान असताना सप्ताहात महारवाड्यातली मंडळी मंडपाबाहेर लिंबाखाली बसत. काल्याच्या पंगतीला त्यांचा वाटा टोपलीत घालून देत. १९५६ साली नागपूरला धर्मांतर झाले आणि पुढच्या एक-दोन सप्ताहांत लिंबाखालची जागा रिकामी झाली. मला आठवते, आमचे वडील म्हणाले होते, "आता तिकडे टोपली धाडाची कटकट मिटली." कोणी विचारले नाही की ही माणसे का उठून गेली. ज्यांच्या घरचा चोखोबा, ती माणसे गेली आणि चोखोबा आमच्याकडे राहिला. आम्ही त्याचे अभंग अधिकच गोड चालीत म्हणू लागलो. जिल्ह्यात अनेक गावी मी चोखोबांवर बोललो. बौद्धवाड्यातून कोणी ऐकायला आले असे क्वचितच घडले. पूर्वी मी म्हणे, त्यांनी संत सोडले. आता म्हणतो, जिथे आपल्या बापाला सात दिवस 'असूनही' म्हणतात तिथे कोण जाऊन बसेल?

सगळेच असे काळे आहे असे मात्र नाही, आणि मीही तसे म्हणत नाही. देहूहून तुकोबारायांची पालखी निघते तेव्हा पहिली अभंग-आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्याशी होते. या फकिराचा कटोरा कोणाकडूनही भरेना, तो तुकोबांच्या लेकीने चिमूटभर पिठाने भरला, अशी कथा आहे. पालखी तिथे थांबते, आरती होते, पुढे निघते. तिथे कोणी 'मुसलमान असूनही आपण थांबलो' असे पुकारत नाही. थांबायचे म्हणून थांबतात. आमच्या मंगरूळपीरच्या नावातच पीर आहे. दादा हयात कलंदरांचा दर्गा आणि बिरबलनाथ महाराजांचे संस्थान एकाच गावात. तालुक्यातल्या म्हाताऱ्या बाया दोन्हीकडे नारळ ठेवतात आणि त्यात काही विशेष केले असे त्यांना वाटत नाही. हे अज्ञान आहे असे मी तरुणपणी एकदा कीर्तनात म्हणालो होतो. आळंदीहून नवा नवा शिकून आलो होतो. चूक माझी होती.

चोखोबांच्या घरात मला आजही भीती वाटते ती कर्ममेळ्याची. बापाने प्रश्न बघणाऱ्याला विचारला, आईने, सोयराबाईंनी, विटाळ नाही असा देह कोणता ते विचारले. मुलाने तर सरळ देवालाच धरले. आम्हाला खाली का घातलेस, उष्ट्यावर आमचा जन्म काढायला लावून तुला काही वाटत नाही का, अशा अर्थाचे त्याचे बोल आहेत. गाथेत ते आहेत, मी वाचले आहेत. चाळीस वर्षांत कीर्तनाला एकदाही घेतले नाहीत. कारण त्यात 'असूनही' घालायला जागाच नाही. तो अभंग घेतला तर निरूपण कुठे न्यायचे? शेवटी आलिंगन नाही, विमान नाही, आकाशवाणी नाही. श्रोता घरी जाताना काय घेऊन जाईल, ही काळजी मला असे. आता वाटते, त्याने थोडे अवघडलेपण घेऊन जावे, काय बिघडते?

वहीचे म्हणाल तर गेले दोन महिने तेच काम चालू आहे. नातवाचे पेन घेऊन एकेक 'असूनही' खोडतो. काही वाक्ये खोडल्यावर अधिक नीट उभी राहतात. 'सेना महाराज न्हावी होते आणि विठ्ठलाचे भक्त होते.' काही वाक्ये मात्र शब्द काढला की कोसळतात. म्हणजे त्या वाक्यात दुसरे काही नव्हतेच, तो एक शब्दच होता. ती पाने मी फाडली नाहीत, तशीच ठेवली आहेत. शेख महंमदांच्या पानावर आता फक्त 'श्रीगोंद्याचे शेख महंमद, चांद बोधल्यांचे शिष्य, योगसंग्रामाचे कर्ते' एवढे उरले आहे. टाळी पडणार नाही असे ते वाक्य आहे.

माझ्याकडे हरिपाठ शिकायला येणारा एक मुलगा आता कीर्तनाला उभा राहू लागला आहे. येत्या माघात रिसोडकडच्या एका सप्ताहात त्याला एका रात्रीची सेवा मिळाली आहे. त्याला मी कर्ममेळ्याचा अभंग लिहून दिला. त्याने दोनदा वाचला, चेहरा उतरला, मग म्हणाला, "महाराज, याले चाल कोनती लावू?" मी दोन-तीन चाली म्हणून पाहिल्या. एकही बसेना. परवा पुन्हा येणार आहे.